मदतीचा टेम्पो

मदतीला गेलेल्या माणसाला सहसा कुणी हिशेब विचारत नाही. पैशांचा विचारतात, तोही चहा होईपर्यंत. पण जे नेलं ते उपयोगी पडलं का, ज्याला पोचायला हवं त्याला पोचलं का, आपल्या जाण्याने कुणाचं नुकसान तर झालं नाही ना, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. समोरचा हात जोडतो, आपण ‘अहो, असू द्या’ म्हणतो आणि कुणीतरी फोटो काढतो. माझे असे फोटो बरेच आहेत. फोटोत जे आलं नाही ते लिहायचं आहे.

आमचं सांगवी नीरेच्या काठावर, बारामती-फलटण रस्त्याला. वर भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर ही धरणं. वीरमधून पाणी सोडल्याचा निरोप आला की काठावरच्या मोटारी आणि स्टार्टर काढायची धांदल उडते. पुराशी आमची ओळख एवढीच. ऊसपट्टा असल्यामुळे हातात चार पैसे असतात आणि चार पैसे असले की दुसऱ्याला मदत करायचा उत्साहही असतो. माझं खतं, औषधं आणि पेंडीचं दुकान आहे. मंडळ आहे, मंडळात बोलणारा मी आहे. त्यामुळे कुठे काही झालं की पहिला मेसेज माझा.

सुरुवात मात्र दुकान-मंडळाच्या कितीतरी आधीची. १९९३ साली मी बारामतीला कॉलेजात होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही पोरं कपड्यांची गाठोडी घेऊन लातूरकडे निघालो. तिथे आधीच आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडले होते. आम्ही आमची गाठोडी त्याच ढिगावर ठेवली आणि परत आलो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अकरा वर्षांनी त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झालं. ‘गूंज’ या संस्थेला तिथल्या पडून राहिलेल्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक निवडत बसावं लागलं. म्हणजे चूक आमची एकट्याची नव्हती, पण ढिगावर गाठोडं ठेवणारे हात आमचेच होते.

किल्लारीच्या बाजूला पुढे धंद्याच्या निमित्ताने जाणं झालं. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रांगा, सारखी घरं. फिरताना पाहिलं तर घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये चूल, चुलीशेजारी म्हैस. जुन्या वाड्यात जनावराला जागा होती, नव्या नकाशात ती आखायची राहिली. दगडमातीच्या माळवदाखाली माणसं दबून गेली म्हणून माळवद नको, हे बरोबरच होतं. पण गोठा कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. जिथे घरं दुरुस्त करून पक्की करायची होती, तिथे मात्र ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. त्या घरोघर जाऊन काय हवं, काय नको ते बोलत. हे मला तिथल्या एका गावात कळलं, मी मान डोलावली आणि गावी येऊन साफ विसरलो.

विसरलो म्हणूनच २०१९ झालं. त्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर टाकलं, ‘सांगलीकरांना हात देऊ. जे असेल ते द्या.’

लोकांनी खरोखरच जे होतं ते दिलं. गहू, तांदूळ, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे खोके. त्यासोबत दोऱ्याने बांधलेल्या टॉवेल-टोप्या, घडीही न मोडलेल्या, कुठल्या कुठल्या लग्नांतल्या आहेराच्या. ब्लाउजपीसचा एक गठ्ठा. साड्या तर इतक्या की मोजणाऱ्याने मोजायचं सोडलं. निघायच्या आदल्या रात्री बायकांनी जागून भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, पुडे बांधले. भल्या सकाळी टेम्पो भरून उभा. आणि निघाला नाही, कारण फ्लेक्स यायचा होता.

हे लिहायला मला आजही जड जातं. त्याच आठवड्यात पुढाऱ्यांचे फोटो मदतीच्या पाकिटांवर छापल्यावरून राज्यभर गदारोळ झाला होता आणि आम्ही पारावर बसून त्यांना हसलो होतो. आमच्या फ्लेक्सवर पुढारी नव्हते, आम्हीच होतो. छापणाऱ्याकडे लाइट गेली होती. दुपार झाली, ऊन-पाऊस सुरू होता, गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद. थांबायचा निर्णय माझा होता. ‘एवढा खर्च केलाय, निदान नाव तरी दिसू दे,’ हे माझं वाक्य. फलटण, दहिवडी, मायणी, विटा करत पलूसच्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झाली. ज्या माणदेशात त्याच उन्हाळ्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या, त्या माणदेशातून आम्ही पुराची मदत घेऊन चाललो होतो. पहाटे पिशव्या उघडल्या तर भाकरीला बुरशीचे हिरवे ठिपके. फ्लेक्स मात्र कोरडा होता.

गाव कुठलं ते सांगत नाही. पाणी ओसरून एखाददोन दिवस झाले होते. भिंतींवर पुरुषभर उंचीला पाण्याची रेघ, घराघरांत घोट्याएवढा गाळ, मेलेल्या जनावरांचा वास. ग्रामपंचायतीपुढे आम्ही कपडे मांडले. एक आजी आल्या, साड्या उचकटून पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

“साड्या लई आल्यात बाबा,” त्या म्हणाल्या. “परकर कुणी धाडला न्हाई. परकराबिगर साडी नेसायची कशी, ते तुझ्या आईला इचार की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या बायका हसल्या. त्या गावात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं, एवढाच काय तो आमच्या कपड्यांचा उपयोग. मग आजींनी खराटा मागितला. कुणाच्याच घरात खराटा उरला नव्हता, फावडं नव्हतं, घमेलं नव्हतं, फिनेल नव्हतं. काडेपेट्या होत्या त्या ओल्या. आम्ही आणलेल्या तांदळाचा भात करायला कोरडं सरपण कुठे होतं? आणि गॅसच्या टाक्या तर वाहून गेल्या होत्या.

मी पेंड विकणारा माणूस. त्या गावात उरलेल्या म्हशी बांधावर उभ्या होत्या, पोटं आत गेलेली. कडब्याच्या गंजी कुजून गेल्या होत्या. आमच्या भागात दूधधंद्यामुळे मुरघास करणारे घरोघर आहेत, चार फोन केले असते तर पिशव्या जमल्या असत्या. माणसं उपाशी नव्हती, धान्य सरकारही देत होतं. उपाशी होती जनावरं. ज्या गोष्टीत मला कळतं, तीच मी नेली नाही. माणुसकी दाखवायच्या नादात धंद्यातली अक्कल दुकानातच ठेवून गेलो होतो.

चौकात एक किराणा दुकान होतं. मालक बाहेर खुर्ची टाकून बसला होता, आतल्या साखरेचा पाक झालेला. आमचे वाटपाचे पुडे बघत तो म्हणाला, “दादा, वाटा तुम्ही. पण आता महिनाभर माझ्याकडं कोण येणार?” त्या वेळी मला त्याचा रागच आला. लोकांवर ही वेळ आणि याला गिऱ्हाइकाची पडली आहे. वास्तविक मीही दुकानदार. उधारीच्या वहीवर अख्खं गाव उभं असतं, ती वही भिजली की दुकानदारही पूरग्रस्तच, हे मला तरी कळायला हवं होतं.

वाटप कसं केलं, तर रेशनकार्डावर. एक कार्ड, एक किट. गडबड नको, कुणी दोनदा न्यायला नको, म्हणून हा नियम मीच सुचवला आणि सगळ्यांना तो फार शहाणपणाचा वाटला. संध्याकाळी टेम्पो वळवताना नदीकडेच्या वस्तीवर काही कुटुंबं दिसली. सालगडी. कार्डं त्यांच्या मूळ गावी, इथे नुसता संसार, तोही वाहून गेलेला. आमच्याकडे किटं संपली होती. टॉवेल-टोप्या शिल्लक होत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री आमच्याच तालुक्यात कऱ्हेला पूर आला. नाझरे धरणातून पाणी सुटलं आणि बारामतीत नदीकाठची हजारो माणसं रातोरात हलवावी लागली. पण आमचं गाव नीरेवर, कऱ्हेवर नाही. आम्ही बातम्या पाहिल्या आणि आता आपण शिकलोय, पुढच्या वेळी नीट करू, असं एकमेकांना सांगितलं.

पुढची वेळ आली २०२५ च्या मे महिन्यात. पाऊस राज्यात २५ मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर पस्तीस वर्षांत आला नव्हता. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत असा कोसळला की एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. आणि नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकच्या बाजूला फुटला. हा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात मजुरांना काम द्यायच्या निमित्ताने हाती घेतलेला, इंग्रजांच्या काळातला. आमच्या भागाची सारी सुबत्ता त्याच्या पाण्यावर. एका संकटातली मदत दीडशे वर्षं पुरली आणि त्याच मदतीचा भराव फुटून लोकांच्या घरात पाणी शिरलं. असो.

या वेळी आम्ही कपडे गोळा केले नाहीत. फ्लेक्स नाही. किराणा घेतला तो त्याच भागातल्या दुकानांतून, चिठ्ठ्या देऊन. पलूसच्या त्या दुकानदाराचं ऋण थोडं फिटलं असं मला वाटलं. खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, जनावरांना मुरघास. मी स्वतःवर भलताच खूश होतो. म्हणूनच पुढची चूक मोठी झाली.

कालव्याखालच्या वस्तीवर एका विधवा काकूंचं घर होतं. मातीत बांधलेल्या भिंती, वर पत्रा. मागची भिंत आडवी झालेली, शेजारची कलून उभी. आमच्याबरोबर जेसीबी होता. मी म्हटलं, ही भिंत आत्ताच पाडू, राडारोडा भरून नेऊ, पोरं लगेच हात घालतील. काकू म्हणाल्या, “राहू दे रे भाऊ, भाऊसाहेबांनी बघून जाऊ दे आधी.” तलाठ्याला आता सरकारदरबारी ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून भाऊसाहेबच. मी म्हणालो, “काकू, भिंत अंगावर आली तर पंचनामा कुणाचा करायचा?” सगळे हसले. भिंत पाडली, माती उचलली, अंगण झाडून लख्ख केलं. संध्याकाळपर्यंत जागा अशी दिसत होती की जणू तिथे काही झालंच नव्हतं.

पंचनामा हा डोळ्यांना दिसेल तेवढ्याचाच होतो. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात तेव्हाच्या निकषाने १ लाख २० हजार. अंशतः पडलं तर पक्क्याला साडेसहा हजार, कच्च्याला चार हजार. मधलं काही नाही. पंचनाम्याला आलेल्यांना दिसली साफ केलेली जागा आणि उभ्या असलेल्या दोन भिंती. त्यांनी ‘अंशतः’ लिहिलं. त्यांना मी कसा दोष देऊ? पडलेलं घर मीच तर उचलून नेलं होतं. आधीचा फोटो कुणी काढला होता का म्हणून शोधाशोध केली, तर पोरांच्या मोबाइलमध्ये जेसीबीचे फोटो निघाले, जेसीबीवर बसलेल्या पोरांचे निघाले. घराचा एकही नाही.

मंडळाने विटा-सिमेंट दिलं, थोडे पैसे मी घातले. घर उभं राहिलं, अर्ध्या आकाराचं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा बोलला, चारचौघांत. त्यानंतर तो औषधं दुसऱ्या दुकानातून नेतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

यादीचं भूत याही वेळी मानगुटीवर होतंच. मी मोठ्या हुशारीने रेशनकार्ड सोडून मतदारयादी घेतली होती. मे म्हणजे ऊसतोडवाले गावी परतलेले, तेव्हा बाहेरचं कुणी नसणार, असा माझा हिशेब. पण वीटभट्ट्या चालू होत्या. पावसाळ्याला अवकाश म्हणून कच्च्या विटांच्या रांगा लावलेल्या होत्या, त्या एका रात्रीत चिखल झाल्या. कच्ची वीट मोजून मजुरी मिळते. वीट विरघळली की मजुरीही विरघळली, उचल तेवढी डोक्यावर राहिली. भट्टीवरची ती कुटुंबं ना आमच्या मतदारयादीत, ना कुठल्या पंचनाम्यात. आठवड्याने एका माणसाने दुकानात येऊन ताडपत्री उधार मागितली, तेव्हा मला कळलं की ती माणसं तिथे आहेत. रोज त्याच रस्त्याने मी दुकानात येतो.

पीकनुकसानीच्या कागदांतही मी असाच उडी मारून गेलो. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान, सातबारा, आधार, पासबुक, पुढे विशिष्ट क्रमांक आणि ई-केवायसी. ‘कागद माझ्याकडे द्या, मी बघतो’ असं सांगून बसलो. लोकांनी पिशव्या भरभरून दिले. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र लागतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला. वडील वारलेले, वारसनोंद अर्धवट, एक भाऊ भोसरीला, बहीण नवी मुंबईला, दोघांत दहा वर्षं बोलणं नाही. पुराने जेवढं नासलं नव्हतं तेवढं वाटणीने नासलेलं. मी मध्यस्थी करायला गेलो आणि एका घरात दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. काहींच्या मुदती गेल्या, त्या माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये गेल्या. ज्याचे त्याच्याकडे कागद राहिले असते तर तो चार हेलपाटे घालून मोकळा झाला असता.

त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ आणि पलीकडे धाराशिव, बीड. करमाळा आम्हाला परका नाही, उजनीच्या पाण्याच्या पलीकडे. या वेळी निघायच्या आधी फोन करायचा, असं ठरलं. मी केला. तिकडच्या एका ओळखीच्या दुकानदाराला. तो म्हणाला, रब्बीचं बियाणं आणा, लोकांकडे दाणा नाही. आम्ही मालदांडी ज्वारीच्या पिशव्या भरून नेल्या.

नदीकाठच्या एका शेतकऱ्याने आम्हाला रानात नेलं. हातभर माती वाहून गेली होती, खाली मुरूम उघडा. त्याने बुटाच्या टाचेने तो उकरून दाखवला. “पेरायचं कशात?” खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत अशी घोषणा पुढे झाली; पण त्या दिवशी त्याला हवा होता गाळ वाहायला ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरला डिझेल. मी विचारलं होतं खरं, पण विचारलं माझ्यासारख्याच माणसाला. त्या दुकानदाराचं रान नदीपासून लांब, माळावर. त्याला बियाणंच दिसणार. मलाही तेच दिसलं असतं.

बियाणं परत आणलं, माझ्या दुकानात विकलं, पैसे डिझेलला लावले. गाळाच्या खेपा सुरू झाल्या. मग एक वाटेकरी भेटला. रान पुण्यातल्या मालकाचं, कसतो हा. त्याला म्हटलं, तुझ्याही रानात चार खेपा टाकू. तो नको म्हणाला. “माती भरून रान नीट झालं की मालक काढून घेईल, नाहीतर वाटा वाढवून मागंल. तुमचं डिझेल त्याला कशाला देता?” आमच्यातले दोघे त्याच्यावर चिडले, मालकही माणूसच आहे वगैरे बोलले. मी गप्प बसलो. निदान एवढं तरी मला जमायला लागलं आहे.

मग तुला काय हवं, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, दोन शेळ्या. यावर मंडळाच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. शेळ्या म्हणजे मदत का, उद्या विकून खाल्ल्या तर, याला दिल्या तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय. शेवटी बारामतीच्या बाजारातून दोन गाभण शेळ्या घेऊन पोचवल्या. कानाला बिल्ला मारून विमा काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं. हंगाम सुरू झाला, दुकानात गर्दी झाली आणि ते राहून गेलं. त्यातली एक शेळी थंडीत मेली. त्याचा फोन आला तेव्हा त्याने पहिल्यांदा विमा कुठल्या कंपनीचा आहे, ते विचारलं.